चित्रकलेचा तास

शाळेच्या स्मरणिकेत नायजेरियाच्या चित्रकाराबद्दल कशाला, असं संपादक मंडळाने मला विचारलं. उत्तर सोपं आहे: ब्रूस ओनोब्राकपेया हे १९६३ ते १९८० अशी सतरा वर्षं लागोसच्या सेंट ग्रेगरीज कॉलेज या शाळेत चित्रकलेचे सर होते. त्यांचं सगळ्यात गाजलेलं कामही याच काळातलं.

२०२४ साली लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा वॉशिंग्टनच्या आफ्रिकी कला संग्रहालयात त्यांची ठसाचित्रं पाहिली. ख्रिस्ताच्या अखेरच्या वाटचालीचे चौदा टप्पे, १९६९ मधले लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या लादीवर कोरून शाईने कागदावर उतरवलेले ठसे. यातला येशू आफ्रिकी आहे आणि रोमन शिपायांना इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्यांचं रूप दिलेलं. पण मी अडकलो ते मागच्या नक्षीत. नायजेरियातल्या योरुबा समाजाच्या बायकांच्या निळ्या 'आदिरे' कापडावरची ती नक्षी. आदिरेत कसाव्याची खळ पिसाने कापडावर रेखतात. खळ असेल तिथे रंग चढत नाही, आपल्याकडे बाटिकात मेण करतं तेच. लिनोतही कोरून काढलेल्या जागी शाई लागत नाही, ती कोरीच राहते. म्हणून ते कापड लिनोत इतकं सहज उतरलंय. वरून चिकटवल्यासारखं कुठेच वाटत नाही. काचेला नाक लावून बघत होतो, शेवटी रखवालदाराने हटकलं.

१९६७ मधली त्यांची एक फजिती प्रसिद्ध आहे. ठशासाठी आम्लाने कोरायच्या जस्ताच्या पत्र्यावर चुकीचं, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल पडलं आणि पत्रा नको तितका खाल्ला गेला. दुसऱ्या कुणी तो भंगारात दिला असता. यांनी खड्डे ॲराल्डाइटने बुजवले, आपण घरात फुटकं-तुटकं जोडतो त्याच ॲराल्डाइटने, आणि पुढे त्याच पत्र्यावरून ठसा काढला. त्यातून उठावदार छपाईची एक नवी पद्धत निघाली. तिला त्यांनी 'प्लास्टोग्राफ' नाव दिलं. मला स्वतःला मात्र त्यांचे साधे लिनोकटच जास्त आवडतात.

आपल्याकडे 'नुसते ड्रॉइंगचे सर' म्हणायची पद्धत आहे. आमच्या वेळी तर सहामाही जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जायचा आणि आमचे सर बिचारे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना शाळा सुटल्यावर थांबवून शिकवायचे. लिनो कोरताना डावा हात कायम पात्याच्या मागे ठेवायचा, हे त्यांनी ओरडून ओरडून आमच्या अंगी मुरवलं. अक्षरं उलटी कोरायची सवयही त्यांचीच. त्या वॉशिंग्टनच्या दालनात कोरणी कुठे दाबली आणि कुठे नुसती सरकवली हे मला दिसत होतं, ते या तासांमुळे.

ओनोब्राकपेयांनी १९९८ पासून आपल्या गावी, अगबारा-ओतोरला, कलाकारांसाठी हरमॅटन कार्यशाळा भरवायला सुरुवात केली. एवढं आपल्याकडून होणार नाही. पण कोरण्यांचे संच, रोलर आणि लिनोच्या लाद्या मी शाळेच्या कार्यालयात पोचवल्या आहेत. मुख्याध्यापकांना एकच विनंती: यंदा सहामाहीच्या आधी तो तास गणिताला देऊ नका.