भूत खरं निघू द्या

पुस्तकांच्या दुकानात जाऊन "मुलांसाठी भुताचं काही आहे का?" असं विचारून बघा. विक्रेता आधी तुमच्याकडे बघतो, मग मुलाकडे बघतो आणि गुळगुळीत कागदाचं एक पातळ पुस्तक पुढे करतो. मुखपृष्ठावर पांढरी चादर पांघरलेलं गुबगुबीत भूत. ते भूत शाळेत जातं, त्याला मित्र हवे असतात, अंधाराची त्यालाच भीती वाटते. माझी भाची बारा वर्षांची आहे. असल्या पुस्तकाकडे ती ज्या नजरेनं बघते, ती नजर त्या भुतानं पाहिली तर बिचारं शाळा सोडून परत पिंपळावर जाऊन बसेल.

तिची मागणी सरळ आहे. "मावशी, खरंच तंतरेल असं काहीतरी दे ना." तिच्या आईचं म्हणणंही तितकंच सरळ: "असलं काही देऊ नकोस, रात्री माझ्या पांघरुणात येऊन शिरते." मला विचाराल तर पुस्तकाबद्दल यापेक्षा चांगला अभिप्राय असूच शकत नाही. पण तो मिळवून देणारी पुस्तकं या वयासाठी शोधायला गेलं की कळतं, आपण मुलांना घाबरवायला फार घाबरतो.

मराठी कुमारकथेतल्या भुताचा एक ठरलेला प्रवास आहे. गावाबाहेर पडका वाडा, अमावास्येला हलणारा दिवा, पैंजणांचा आवाज. चार शूर मुलं आणि एक कुत्रा रात्री तिकडे जातात. इथवर अंगावर काटा येतो. मग शेवटच्या प्रकरणात कळतं की भूत म्हणजे तस्करांची टोळी होती, हाडं चमकत होती ती फॉस्फरसमुळे, आणि फौजदारसाहेब मुलांची पाठ थोपटतात. विज्ञानाचे सर कुठून तरी उगवतात आणि सगळं नीट समजावून सांगतात. भाचीचा या प्रकारावर फार राग आहे. "एवढं घाबरवलं आणि शेवटी चोरच?" असं ती म्हणते तेव्हा तिच्या आवाजात ग्राहक मंचाकडे जाण्याची तयारी असते.

हे असं का झालं ते कळण्यासारखं आहे. मुलांसाठी लिहिणारी आपली मंडळी बहुतेक शिक्षकी मनाची. अंधश्रद्धेशी झगडण्याची परंपराही आपल्याकडे मोठी. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1989 सालची, आणि जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला तो डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. मी पूर्णपणे त्या बाजूची आहे. अंगात येणाऱ्या बुवाला पोलिसांत द्यावं, याबद्दल दुमत नाही. पण गोष्टीतला वेताळ कुणाच्या घरचे पैसे उकळत नाही. बारा वर्षांच्या मुलाला गोष्ट आणि बाजार यांतला फरक पक्का ठाऊक असतो. 'चांदोबा' वाचत वाढलेल्या पिढ्यांनी दर महिन्याला विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत बोलताना ऐकलं, शंकर यांच्या चित्रातलं ते लोंबकळणारं पांढुरकं शरीर डोळे भरून पाहिलं, आणि त्यातले कितीतरी जण पुढे उत्तम इंजिनियर झाले.

तिकडे बंगालमध्ये बघा. तिथे 'संदेश' नावाचं मुलांचं मासिक सत्यजित राय यांच्या आजोबांनी 1913 साली काढलं, आणि बंद पडलेलं ते मासिक रायनी 1961 मध्ये पुन्हा सुरू केलं. किशोर वाचकांसाठी त्यांनी ज्या गोष्टी लिहिल्या त्यांत 'खगम' आहे. भरतपूरला फिरायला गेलेला एक माणूस, साधू-बैरागी या प्रकाराला नाकं मुरडणारा, एका बाबाचा पाळलेला नाग मारून टाकतो. बाबा फार काही बोलत नाही. मग त्या माणसाला काय काय व्हायला लागतं, ते राय असं थंडपणे सांगत जातात की वाचणारा आपल्या हातावरची त्वचा तपासून बघतो. शेवटी बाबाच्या झोपडीपाशी जे सापडतं ते मी इथे सांगणार नाही. पण शेवटी विज्ञानाचे सर येत नाहीत, एवढं सांगते. हे लिहिणारा माणूस प्रोफेसर शंकूच्या विज्ञानकथाही त्याच मुलांसाठी लिहीत होता. त्याला या दोन गोष्टींत भांडण दिसलं नाही, आणि त्याच्या वाचकांनाही.

इंग्रजीत या वयासाठी ढीगभर माल आहे, हे खरं. पण त्यातही निवडावं लागतं. आर. एल. स्टाइन यांची 'गूझबम्प्स' मालिका 1992 पासून सुरू झाली, जगभर खपली. प्रत्येक प्रकरण किंकाळीवर संपतं आणि पुढचं प्रकरण उघडलं की तो भाऊच होता, मांजरच होतं. भाचीनं आठव्या वर्षी ती भराभर वाचली आणि एके दिवशी सोडून दिली. चटक लागण्यापुरती ती ठीक आहेत.

त्याच्या उलट गंमत आल्विन श्वार्ट्झ यांच्या 'स्केअरी स्टोरीज टू टेल इन द डार्क'ची. 1981 सालचं पुस्तक. गोष्टी अमेरिकी लोककथांतल्या, दोन-दोन पानांच्या, तशा किरकोळच. भीती आहे ती स्टीफन गॅमेल यांच्या चित्रांत. शाई ओघळून झालेले चेहरे, कुठे केस संपतात आणि कुठे मुळं सुरू होतात ते कळत नाही. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेच्या यादीत नव्वदच्या दशकात सर्वाधिक तक्रारी आलेलं पुस्तक हेच. पालक म्हणत, शाळेच्या ग्रंथालयातून हे काढा. पुढे प्रकाशकांनी नव्या आवृत्तीत दुसऱ्या चित्रकाराची सौम्य चित्रं घातली. तेव्हा आरडाओरडा केला तो लहानपणी त्या चित्रांना घाबरून झोप उडालेल्या, आता मोठ्या झालेल्या वाचकांनी. काही वर्षांनी जुनी चित्रं परत आली.

तरी माझ्या मते या वयाचं खरं भयंकर पुस्तक म्हणजे नील गेमन यांचं 'कोरलाइन', 2002 सालचं. त्यात रक्त जवळजवळ नाहीच. घरातलं एक दार, ते उघडलं तर एरवी विटांची भिंत. एकदा भिंत नसते. पलीकडे तसंच घर, तशीच आई. ही आई जेवण चांगलं करते, लक्ष देते, खेळायला वेळ देते. फक्त डोळ्यांच्या जागी काळी बटणं. "तुला इथेच राहायचं असेल तर एक छोटीशी गोष्ट करायची," असं ती म्हणते, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिनी मातीच्या बशीत काळ्या दोऱ्याचं रीळ, लांब रुपेरी सुई आणि दोन मोठी काळी बटणं ठेवलेली असतात. दुखणार नाही, असं आश्वासनही मिळतं. डॉक्टरांकडे जाऊन आलेल्या कुठल्याही मुलाला त्या आश्वासनाचा अर्थ माहीत असतो.

भाचीनं ते प्रकरण वाचून पुस्तक मिटलं, स्वयंपाकघरात जाऊन आईकडे नीट बघून आली, आणि पुन्हा वाचायला बसली. ताईला वाटलं, भूक लागली असेल.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. मोठ्यांना अनोळखी गोष्टीची भीती वाटते, मुलांना ओळखीचं माणूस बदलण्याची. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांना हे पक्कं माहीत होतं. अंथरुणाला खिळलेल्या आजीची त्यांची 'आजी' ही कथा मूळ स्टीफन किंग यांच्या कथेवरून बेतलेली, पण ती इतकी आपल्याकडची झाली की 2018 च्या 'तुंबाड'मध्ये तिचीच सावली पडली. ज्या आजीच्या कुशीत शिरायचं तिच्याचजवळ जायची भीती. याच्यापुढे हडळ काय करणार!

धारपांबद्दल बोलायचं तर आमच्या पिढीनं ते या वयातच वाचले, चोरून. वाचनालयातले काका ते पुस्तक आम्हाला देत नसत, "बाबांना पाठव" म्हणत. मग बाबांच्या नावावर यायचं. खाकी कव्हर, आत आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं लिहिलेलं, 'रात्री वाचू नये'. 'लुचाई' ज्यांनी सातवीत असताना वाचली, त्यांनी नंतर बरेच दिवस खिडकीची कडी दोनदा तपासली. पण ती पुस्तकं मोठ्यांसाठीच लिहिलेली. त्यांत मुलांना न झेपणारं पुष्कळ आहे. रत्नाकर मतकरींचंही तसंच. त्यांनी चार-पाच वर्षांच्या पोरांसाठी 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण उभी केली. ती रंगमंचावर आली की पुढच्या रांगेतली निम्मी पोरं आयांच्या मांडीवर चढतात आणि तोंड लपवून बोटांच्या फटीतून बघतात. आणि त्याच माणसानं मोठ्यांची झोप उडवणाऱ्या गूढकथा लिहिल्या. मधलं, दहा ते चौदाचं वय मात्र दोन्हीकडून सुटलं.

शिवाय अडचण भाषेची. भाची इंग्रजी शाळेतली, मराठी वाचते पण सावकाश. भीती मात्र वेगावर चालते. धारपांचं वाक्य दबक्या पावलांनी जवळ येत असतं आणि ही मधेच थांबून विचारते, "अभद्र म्हणजे?" संपलं. भूत तिथेच ताटकळत उभं. म्हणून मग मी मोठ्यानं वाचून दाखवायला लागले, नको ते गाळत. हा उपाय मात्र लागू पडला. वाचणाऱ्याच्या हातात सगळं असतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, पान किती हळू उलटायचं. ती सोफ्यावर बसलेली असते, पाय खाली सोडून, अगदी बेफिकीर. गोष्ट जमली की हळूच एक पाय वर येतो. मग दुसरा. दोन्ही पाय वर आले की मला कळतं, सोफ्याखाली आता कुणीतरी आहे.

आणि वाईट याचं वाटतं की आपल्याकडे भुतांची वाण नाही. कोकणातली नुसती नावं घ्या: खवीस, झोटिंग, समंध, देवचार, जखीण, गिऱ्हा, चकवा. प्रत्येकाचा कायदा वेगळा. चकवा तुम्हाला रात्रभर एकाच शेताभोवती फिरवतो, गिऱ्हा पाण्याच्या कडेला गाठतो. कायदा ठरलेला असला की गोष्ट आपोआप तयार होते, कारण तो मोडायला कुणीतरी कार्टं हवंच असतं. त्यातला मुंजा तर या वयासाठीच जन्माला आल्यासारखा. मुंज झालेला, सोडमुंज व्हायच्या आत गेलेला, म्हणजे साधारण भाचीच्याच वयाचा मुलगा. वर्षानुवर्षं पिंपळावर एकटा. त्याचं वय वाढत नाही, खाली खेळणारी मुलं मोठी होऊन निघून जातात. 2024 मध्ये 'मुंज्या' नावाचा हिंदी सिनेमा आला, चांगला चालला, पण तो मोठ्यांचा आणि बराचसा हसवणारा. मुलांच्या कादंबरीत हा मुलगा खाली उतरून नव्यानं राहायला आलेल्या एखादीशी मैत्री करायला लागला, आणि मैत्रीची किंमत हळूहळू कळायला लागली, तर? कुणीतरी लिहा. दीडशे पानांची असू दे. टाइप जरा मोठा असू दे, वाक्यं अशी की थांबावं लागू नये. चित्रं काळ्या शाईची, ओघळलेली. आईबाबांना शेवटपर्यंत काही कळता कामा नये. सुटका झालीच तर त्या मुलीच्या अकलेनं व्हावी, फौजदाराच्या शिट्टीनं नको. आणि भूत खरं निघू द्या.

हा सगळा मसुदा मी भाचीला वाचून दाखवला. तिला पसंत आहे. तिची फक्त एक अट आहे: गोष्टीत कुत्रा असेल तर त्याला काहीही होता कामा नये. माणसं गेली तर चालतील.