कर्द्याचा रिसॉर्ट, लाल दिवा आणि अर्थिंगचा खड्डा

मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमच्या इलेक्ट्रिक गाडीचा (ईव्हीचा) स्वतःचा चार्जिंग पॉइंट आहे, त्यामुळे दोन वर्षं चार्जिंगचा विचारच करावा लागला नाही. मे महिन्यात सासूबाईंना समुद्र दाखवायला दापोलीजवळ कर्द्याला जायचं ठरलं आणि पहिल्यांदा हिशोब मांडला. गाडीची बॅटरी ४० युनिटची. एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास जाते. खेडवरून गेलं तर अंतर जवळपास तेवढंच. म्हणजे जाताना वाटेत एकदा भरायची आणि परतीसाठी मुक्कामाच्या ठिकाणी.

वाटेची चिंता नव्हती. माणगावच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर मिळाला, जेवण होईपर्यंत काम झालं. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशनचं उद्दिष्ट आहे, ते चांगलंच आहे. पण सुट्टीला निघालेली गाडी सगळ्यात जास्त वेळ उभी राहते ती रिसॉर्टच्या अंगणात, रात्रभर. तिथे एक धड सॉकेट असलं तर फास्ट चार्जरची गरजच उरत नाही.

ते सॉकेट शोधायला मी नऊ ठिकाणी फोन केले. ‘ईव्ही चार्जिंग उपलब्ध’ असं जाहिरातीत लिहिलेल्या चारपैकी दोघांकडे प्रत्यक्षात काहीच नव्हतं. एकाने किचनमधून एक्स्टेन्शन बोर्ड देतो म्हटलं. त्याला मी तिथेच नाही म्हटलं, कारण आपला पोर्टेबल चार्जर आठ-दहा तास सलग मोठा करंट ओढतो. बारीक वायरीचा बोर्ड त्यात तापून वितळतो. शेवटी मी एकच पद्धत धरली: व्हॉट्सॲपवर सॉकेटचा फोटो मागायचा. जाड पिनांचं, १६ अँपिअरचं आहे का, गाडी त्याच्यापासून किती लांब उभी राहील, आणि त्या लाइनवर आणखी काय चालतं. कर्द्याच्या एका छोट्या रिसॉर्टच्या मॅनेजरने पाच मिनिटांत फोटो पाठवला. पाण्याच्या पंपाचं सॉकेट होतं. तिथे बुकिंग केलं.

संध्याकाळी पाचला पोहोचलो तेव्हा बॅटरी ३५ टक्के होती. प्लग लावला आणि चार्जरवर लाल दिवा. अर्थ फॉल्ट, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत उतरवणारं अर्थिंग नीट नाही.

मॅनेजर म्हणाले, “ताई, याच्यावर पंप चालतो, म्हणजे करंट आहे की.” त्यांचं खरं होतं. पंप अर्थिंगशिवायही फिरतो, गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते पक्कं वाटलं नाही तर सुरूच होत नाही. ते योग्यच आहे, लोखंडी अंगाची गाडी मुलंबाळं हात लावतील अशा ठिकाणी उभी असते. अर्थिंगची तपासणी चुकवणारे प्लग मिळतात हे मला ठाऊक होतं. ते वापरायचे नाहीत हे आम्ही घरीच ठरवलेलं.

मॅनेजरनी गावातल्या वायरमनकाकांना बोलावलं. काकांनी टेस्ट लॅम्प काढला. फेज आणि न्यूट्रलवर बल्ब लख्ख, फेज आणि अर्थवर नुसता मिणमिणता. मग टॉर्च घेऊन विहिरीमागचा अर्थिंगचा खड्डा शोधला. वरचं झाकण पालापाचोळ्याखाली गेलेलं. “जांभ्याची जमीन, त्यात मे महिना. सुकलीय ओ पार,” काका म्हणाले. पट्टीचा बोल्ट गंजलेला होता, तो सोडवून पॉलिश पेपरने घासला, पुन्हा आवळला. खड्ड्यात मीठ टाकून चार बादल्या पाणी ओतलं. माझ्या नवऱ्याने आणि त्यांनी मिळून विहिरीतून शेंदलं. अर्ध्या तासाने बल्ब उजळला. सव्वाआठला चार्जरचा हिरवा दिवा लागला तेव्हा ओसरीवर बसलेल्या सासूबाईंनी काकांना आधी पाणी आणि मग लाडू दिला. मला काकांचे पाय धरावेसे वाटत होते.

रात्री अकराला एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप बंद होणारा स्विच, पडला. सगळ्या खोल्यांचे एसी सुरू झाले होते आणि पंपाची लाइन त्याच मेनवर होती. मी गाडीच्या सेटिंगमध्ये जाऊन करंट १० अँपिअरवर आणला. तासाला तीनऐवजी दोन युनिटच्या आसपास जातात, पण रात्र मोठी असते. प्लगला हात लावून पाहिला, कोमट होता. चटका बसला असता तर बंद केलं असतं. सकाळी आठला ९२ टक्के. राहिलेलं दुसऱ्या रात्री झालं.

पैशांचं आधी बोलायला हवं होतं, ते राहिलं. मॅनेजर सरसकट पाचशे म्हणाले. पहिल्या रात्री साधारण २६ युनिट गेले होते. तो हिशोब कागदावर मांडून दाखवला तेव्हा युनिटमागे बारा रुपयांवर आम्ही दोघंही राजी झालो. काकांची मजुरी मी वेगळी दिली. ती द्यायलाच हवी होती.

निघताना मॅनेजरनी विचारलं, पुढच्या पाहुण्यांसाठी नेमकं काय करून घेऊ? काकांच्या समोरच लिहून दिलं: मेन बोर्डावरून स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), झाकणाचं १६ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट, युनिट मोजायला सबमीटर. आणि अर्थिंगचा वेगळा खड्डा, उन्हाळ्यात आठवड्याला पाणी घालायचं. काकांनी त्यात एक भर घातली, सॉकेट पागोळीखाली नको.

जूनच्या शेवटी फोनवर फोटो आला. पडवीच्या आतल्या भिंतीवर नवं सॉकेट, खाली छोटा मीटर, बाहेर धो धो पाऊस. मी लगेच उत्तर पाठवलं: दिवाळीच्या सुट्टीत दोन रात्री ठेवा, आणि तो पॉइंट आमच्या नावावर लिहून ठेवा.