कलमाच्या मुळांची चुंबळ

हापूसची सहा कलमं घेतली तेव्हा नर्सरीवाल्याने बजावलं होतं, "पिशवी अख्खी काढू नका, हुंडी फुटेल. तळ कापा आणि तशीच खड्ड्यात बसवा." हुंडी म्हणजे मुळांना धरून असलेला मातीचा गोळा. मी गुमान ऐकलं. वर तीन वर्षांचं मोठं कलम म्हणून त्याने जास्त पैसे लावले, तेही दिले.

आमची जागा देवगडजवळ, जांभ्या कातळावरची. मीटरभर खोल खड्डे खणायला गडी मिळवणं हीच एक कथा, पण ती जाऊ दे. मृगाचे दोन पाऊस झाल्यावर कलमं लावली आणि मग वर्षभर नुसतं बघत बसलो. वीतभरही वाढ नाही. शेणखत घातलं, गांडूळखत घातलं, उन्हाळाभर हंडे वाहिले. दोन कलमं वाळून गेली. मी कातळाला आणि वाळवीला शिव्या घालत होतो.

या जूनमध्ये शेजारचे तात्या आले. एका कलमाला धरून त्यांनी जरा हलवलं, तर ते सबंध वर आलं! वर्षभर जमिनीत असलेलं झाड, भाजीची जुडी उपटावी तसं. पिशवी तशीच अंगावर. तात्या म्हणाले, "अरे, पोराक जन्मभर बाळुत्यातच ठेवतलंस काय?"

ब्लेडने पिशवी फाडली. आत माती जेमतेम, बाकी मुळंच मुळं. गोल गोल फिरून त्यांची चुंबळ झालेली, डोक्यावर हंडा घेताना ठेवतात तशी. सोटमूळ तळाला आपटून वळलं होतं आणि चक्क वरच्या दिशेला निघालं होतं. म्हणजे हे माझ्याकडे येण्याआधीच झालेलं. तीन वर्षं एकाच पिशवीत पडलेला माल मला 'मोठं कलम' म्हणून विकला. राग अजून गेलेला नाही.

आता ती चुंबळ सोडवायची कशी? हुंडी बादलीत बुडवून ठेवली, मग बांबूच्या काडीने कडेकडेने मुळं मोकळी केली. बारीक सुटली. जाड मुळं वळण सोडेनात, ती धारदार कात्रीने कापली. हुंडीला वरून खाली चार चिरा दिल्या. हात थरथरत होता, मेलंच असं वाटत होतं. पण गुंडाळलेलं मूळ तसंच ठेवलं तर ते जाड होत जाऊन एक दिवस बुंध्यालाच आवळतं. कापलं की कापाच्या मागून नवीन मुळ्या फुटतात आणि त्या सरळ बाहेरच्या मातीत जातात. मुळं कमी झाली म्हणून वरची निम्मी पानंही काढली, नाहीतर पाणी पुरत नाही.

लगेच खड्ड्यात नाही लावलं. थोड्या मोठ्या पिशवीत, लाल माती, कुजलेलं शेणखत आणि भाताचा तूस घालून, झावळ्यांच्या सावलीत ठेवलं. एकदम मोठ्या पिपात लावायचा मोह झाला होता, पण मुळं नसलेली माती ओलीच राहते आणि मग मूळ कुजतं. खतही दिलं नाही. दीड महिन्याने तांबूस पालवी आली तेव्हा मी घरात सगळ्यांना हाका मारून बाहेर आणलं! चारांतली तीन जगली.

ऑगस्टअखेर ती खड्ड्यात गेली, पिशवी पूर्ण काढून. आदल्या संध्याकाळी पाणी दिलं की हुंडी फुटत नाही, इतकं सोपं होतं ते. कलमाचा जोड, म्हणजे गावठी रोपावर हापूसची काडी जिथे बांधलेली असते ती जागा, मातीच्या वर राहिला पाहिजे. आणि हो, जोडावरची प्लास्टिकची पट्टी! एका कलमाची राहून गेली होती, सालीत रुतली होती. जोडाखालून फुटवा आला तर खुडा, तो गावठी आंब्याचा असतो.

आता कुठल्याही नर्सरीत गेलो की आधी पिशवी उचलून तळ बघतो. भोकातून जाड मूळ बाहेर आलेलं दिसलं की खाली ठेवतो. परवा त्याच नर्सरीवाल्याकडे आठ पिशव्या उचलून ठेवल्या, एकही घेतली नाही. वैतागला. वैतागू दे.