जुन्या चित्रपटांचे रिमेक करावेत का? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या फिल्म सोसायटीत जुना मराठी चित्रपट दाखवून झाला की हा प्रश्न ठरलेला असतो. तरुण पोरं उत्साहाने विचारतात, ‘सर, याचा रिमेक व्हायला हवा ना?’ माझ्या वयाची मंडळी धास्तीने विचारतात, ‘आता याचाही रिमेक करणार की काय?’ दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. खुशाल करा, पण माझी एक अट आहे.

जुन्याला हात लावू नये असं म्हणणाऱ्यांनी आपल्या सिनेमाची सुरुवातच आठवून पाहावी. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली हरिश्चंद्राची कथा पडद्यावर आणली आणि 1917 साली त्यांनीच ती पुन्हा चित्रित केली. 1932 साली प्रभात फिल्म कंपनीने मराठीतला पहिला बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’, तोही हरिश्चंद्राचाच. बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ 1925 साली मूक काढला आणि आवाज आल्यावर 1936 साली पुन्हा बोलता केला. या माणसांना आपल्या कामाची किंमत कळत नव्हती असं कोण म्हणेल? गोष्ट तीच होती, पण हाती नवं साधन आलं होतं आणि समोर नवा प्रेक्षक होता, म्हणून त्यांनी ती पुन्हा सांगितली.

सगळ्यांत जास्त जीव अडकतो तो ‘अशी ही बनवाबनवी’त. त्याच्या रिमेकचं नाव काढलं तरी लोक चिडतात. पण 1988 सालचा तो चित्रपटच मुळी हृषीकेश मुखर्जींच्या 1966 सालच्या ‘बीवी और मकान’वरून बेतलेला आहे. लेखक वसंत सबनीसांनी त्यात पुणेरी घरमालक, भाडं, डिपॉझिट आणि मराठी बोलण्याची अशी काही फोडणी घातली की मूळ हिंदी आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. पुन्हा सांगायचं ते असं. तरीही बनवाबनवीचा रिमेक मी करणार नाही, कारण तो अजून चालूच आहे. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेल्या मुलांना त्यातले संवाद पाठ आहेत. एकट्या मुलांना खोली द्यायला पुण्यातल्या सोसायट्या आजही का-कू करतात. ज्याला प्रेक्षक आपणहून येतो आहे, त्याच्यासाठी नवा प्रेक्षक कुठून शोधायचा?

तुकारामांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांच्या जोडीचा ‘संत तुकाराम’ 1936 साली आला, मुंबईत वर्षाहून जास्त चालला, व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम गाताना अभिनय करतो असं वाटतच नाही. पण मी दर वेळी बघतो ती जिजाई, म्हणजे तुकारामाची बायको, गौरी या अभिनेत्रीने केलेली. पोर आजारी पडतं तेव्हा ती चप्पल हातात घेऊन देवळात शिरते आणि पांडुरंगालाच जाब विचारते. अंगावर साधं लुगडं, घरात म्हैस, तोंडात शिव्या आणि पोटात माया. हा सगळा संसार तिने एकटीने ओढलेला आहे हे तिच्या चालण्यातच दिसतं. तुकाराम वैकुंठाला जातो तेव्हाही ती मागेच राहते. ‘आधी बीज एकले’ हे त्यातलं गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं, तरी कित्येकांना तो तुकोबांचाच अभंग वाटतो, इतकं ते त्या काळात मुरलेलं आहे.

यावर नव्याने काय करणार, असं मलाही वाटलं होतं. 2012 साली चंद्रकांत कुलकर्णींनी ‘तुकाराम’ केला, त्यात त्यांनी पागनीसांची नक्कल करायचा प्रयत्नच केला नाही. जुन्या चित्रपटात तुकाराम येतो तोच मुळी संत म्हणून. नव्यात तो आधी मुलगा आहे, वाण्याच्या घरातला, दुकान सांभाळणारा, दुष्काळात माणसं गमावणारा. जितेंद्र जोशीचा तुकाराम आपल्या डोळ्यांसमोर घडत जातो. दोन्ही चित्रपट ओळीने दाखवले तर एकाने दुसऱ्याला धक्का लागत नाही. ‘श्यामची आई’चं मात्र मला इतकं ठामपणे सांगता येणार नाही. अत्रे यांचा 1953 सालचा चित्रपट आणि 2023 सालचा सुजय डहाकेंचा चित्रपट, दोन्ही कृष्णधवल. नवा मन लावून केलेला आहे, पण जुन्यात वनमालाबाईंनी उभी केलेली आई माझ्या मनातून हलली नाही.

आता अट. ज्याला रिमेक करायचा आहे त्याने आधी मूळ चित्रपट स्वच्छ करून लोकांसमोर आणावा. ही चैन नाही. 1925 चा ‘सावकारी पाश’ आज आपल्यापाशी नाही, त्यातला तरुण शेतकरी व्ही. शांताराम, म्हणजे आपल्या शांतारामबापूंनी, कसा उभा केला होता ते आता कुणालाच बघता येणार नाही. 2003 च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि किती तरी जुनी रिळं जळाली. जे उरलंय तेही बहुतेकांना दिसतं ते मोबाइलवर, डोकी कापलेलं, ताणून रुंद केलेलं, कोपऱ्यात कुणाचा तरी लोगो चिकटवलेलं. ते पाहून पोरं म्हणतात, ‘जुने पिक्चर बोअर असतात.’ त्यांचं काय चुकलं?

शांतारामबापूंचा 1937 सालचा ‘कुंकू’ घ्या. अनाथ नीरेचं लग्न मामा फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावतो आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके, घरातले आवाज, एवढ्यावर सगळा ताण उभा आहे. खरखरणाऱ्या प्रतीत नेमके तेच आवाज बुडतात, मग उरतं काय? नव्या चित्रपटासाठी कोट्यवधी उभे करणाऱ्याला एवढी एक प्रत नीट करून घेणं जड जाऊ नये.

आणि तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो, रिमेक व्हावा अशी माझी इच्छा आहे ती ‘कुंकू’चाच. शांता आपट्यांची नीरा चित्रपटभर झगडते, शकुंतला परांजप्यांनी केलेली सावत्र मुलगी तिच्या बाजूने उभी राहते, तरी सुटका होते ती केशवराव दात्यांचे काकासाहेब जीव देतात तेव्हाच. तिच्यापाशी दुसरी वाट नव्हती. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाचं दार उघडलं, पण आजही किती मुली त्या दारापर्यंत पोचतात आणि घरचे त्यांना कसे परत फिरवतात, हे आपण सगळे जाणतो. नवी नीरा नवरा धडधाकट असताना, त्याच्या देखत बॅग उचलून बाहेर पडेल. त्यानंतर मामा काय करेल, कोर्टाच्या तारखा पडत राहतील तेव्हा ती राहील कुठे, हे शांतारामबापूंना 1937 साली दाखवता आलं नसतं. ते दाखवणारा दिग्दर्शक मला हवा आहे.