तुम्ही विचारलंत म्हणून: दुखणं मनाचं, मग खांद्याची चौकशी कशाला?

सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न मला हमखास ऐकायला मिळतो, बहुतेकदा सोबत आलेल्या नातेवाइकांकडून. "मॅडम, दुखणं मनाचं आहे. मग श्वास कुठे अडकतोय, खांद्याला काय वाटतंय, हेच काय विचारत बसता?"

कारण आपली हकिगत आपल्याला पाठ झालेली असते. २०१९च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं, त्यांनी ते पंचनाम्याला आलेल्यांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. आता सांगताना आवाजही हलत नाही. पण पत्र्यावर पावसाची सर वाजायला लागली की खांदे कानाशी जातात, पदराचं टोक मुठीत येतं. तोंडाने मात्र, "काही नाही हो, सगळं ठीक आहे." मला त्या वेळी त्या मुठीचं ऐकायचं असतं.

मी वापरते ती पद्धत हाकोमी. अमेरिकेत रॉन कुर्ट्झ यांनी १९७०च्या दशकात ती घडवली. बौद्ध आणि ताओ परंपरेतलं सजग निरीक्षण आणि शरीराच्या अंगाने जाणारा मानसोपचार, दोन्ही त्यांनी एकत्र आणलं. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की आवळलेल्या मुठीशी भांडायचं नाही. "सैल सोड, टेन्शन घेऊ नको" हे घरच्यांनी सांगून सांगून झालेलं असतं. त्याने कुणी सैल होत नाही. मी म्हणते, "काकू, मूठ आहे तशी राहू दे. अजून आवळावीशी वाटली तर आवळा. फक्त आत बघा, ती काय धरून बसलीय?" खांदे चढलेले असतील आणि हात लावलेला त्यांना चालणार असेल, तर ते मी खालून तोलून धरते. तो भार दुसऱ्याने घेतला की स्नायूंना राबत राहायचं कारण उरत नाही. पुष्कळदा नेमके तेव्हाच डोळे भरतात आणि आजवर कुणालाच न सांगितलेलं वाक्य येतं: "मी झोपले तर पाणी चढेल."

पुरानंतर वर्षं लोटली तरी झोप का लागत नाही, याचं उत्तर त्या वाक्यात असतं, आणि ते मी दिलेलं नसतं. मग मी हळूच एवढंच म्हणते, "इथे तुम्हाला पहारा द्यायची गरज नाही." पटवायला नव्हे, आत काय उमटतं ते दोघींनी बघायला. पोट घट्ट होतं? हसू येतं? "खोटं आहे" असं वाटतं? जे उमटेल तिथून पुढे जायचं.

हे म्हणजे विपश्यनाच का, असंही विचारतात. संवेदना तटस्थपणे पाहणं दोन्हीकडे आहे. पण इगतपुरीच्या दहा दिवसांत मौन असतं. इथे माणूस आत पाहता पाहता मोठ्याने बोलतो, आणि समोर ऐकणारं कुणी असतं. एकट्याने सोसलेल्याला सोबत लागतेच, असं माझं ठाम मत आहे.

परत परत उलटणाऱ्या नैराश्यासाठीच्या एमबीसीटी या आठ आठवड्यांच्या सजगता-उपचारावर भरपूर संशोधन झालंय. हाकोमीवर त्यामानाने थोडं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या मी कधीच बंद करायला सांगत नाही, आणि कुणी तसं सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. छातीत धडधडत असेल तर आधी ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी. मिरजेत दवाखान्यांची कमी नाही. डोळे मिटले की ज्यांना पूर दिसतो, त्यांना मी डोळे मिटायला लावत नाही. पाय फरशीवर, नजर खिडकीबाहेर, एवढ्यावर सुरुवात होते. आणि रात्री-अपरात्री अगदीच असह्य झालं तर माझ्या वेळेची वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.