कीटकनाशक कंपनीच्या शाळेसाठीच्या वह्या-दप्तरं नको म्हटल्यावर पुढे काय झालं, माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा मी संचालक आहे. कीटकनाशकाच्या एका मोठ्या कंपनीसोबत आम्ही रिकाम्या बाटल्या परत न्यायचा आणि फवारणीवाल्या मजुरांना शिकवायचा जो लेखी करार केला तो कसा झाला हे बरेच जण विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच, या धंद्यातल्या सगळ्यांचाच आहे.

2017 चा खरीप ज्यानं यवतमाळात काढला त्याला जास्त सांगायची गरज नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढलेली, बोंडअळी आलेली, हवा दमट, पाठीवर चायना पंप, त्यात दोन-दोन तीन-तीन औषधं एकाच टाकीत कालवलेली, आणि फवारा सरळ तोंडावर. एकट्या जिल्ह्यात 20 हून जास्त माणसं गेली आणि 800 च्या आसपास दवाखान्यात भरती झाली. सरकारनं एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक बसवलं, नोव्हेंबरमध्ये प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीन, मोनोक्रोटोफॉस, अॅसिफेट, डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड या पाच औषधांची विक्री काही काळ बंद केली, पण तोवर फवारणीचा सिझन उरकतच आला होता. गेलेल्यांमध्ये मजूर खूप होते हे माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

त्यामुळे आमच्या कंपनीनं औषध विक्रीचं लायसन काढायचं ठरवलं तेव्हा संचालक मंडळात चांगलीच भांडणं झाली. काही जण म्हणत होते विष विकायचंच कशाला, तर काही म्हणत होते की आपण नाही विकलं तर सभासद तालुक्याच्या दुकानातून उधारीत आणतीलच आणि दुकानदार जे देईल ते आणतील, त्यापेक्षा आपण विकू आणि आपल्या अटीवर विकू. मी दुसऱ्या बाजूचा. लायसनवर एखाद्या कंपनीचा माल चढवायचा तर तिचं उगम प्रमाणपत्र, म्हणजे तिचा माल विकायला तिनं दिलेली लेखी संमती लागते, म्हणजे कंपनीशी बोलणं आलंच, आणि आमच्या हातात दुसरं काही नव्हतं तरी एवढ्या गावांतल्या सभासदांची एकत्र खरेदी होती.

पहिल्या बैठकीला कंपनीचे टेरिटरी मॅनेजर आले, आपल्याच भागातला पोरगा, स्वभावानं चांगला. आम्ही म्हटलं गावासाठी काय करता? त्यानं लगेच सांगितलं, सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक खर्चातून, शाळेला वह्या-दप्तरं देऊ, पाण्याचं आरओ मशीन बसवून देऊ, हवं तर एक वर्ग रंगवून देऊ. आमच्या एका सभासद बाईंनी तिथंच विचारलं, "भाऊ, नाल्यात तुमच्याच बाटल्या पडून हायेत, त्या उचलाले कोन येईन?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं, त्याचा दोषही नव्हता, कारण कंपनीनं त्याला ते काम कधी दिलंच नव्हतं. तो जाताना म्हणाला, "तुमी मन्ता ते बराबर हाय, पन माह्यं टार्गेट कोन पुरं करीन?" माझ्या मते पूर्ण विषय या एका वाक्यात आहे. वरच्या ऑफिसात पर्यावरण धोरणाचा जाड अहवाल छापतात आणि खाली ज्या माणसाला शेतकरी भेटतो त्याला महिन्याला इतके लिटर, इतक्या पेट्या एवढंच सांगतात, मग गावात पोचतं ते टार्गेट, अहवाल नाही पोचत.

वह्या-दप्तरं आम्ही नको म्हटलं आणि कायदे वाचायला बसलो. संचालकांपैकी एकाची मुलगी पुण्याला सीएच्या ऑफिसात आहे, तिनं खूप मदत केली. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135, त्यात 500 कोटींची नक्त मालमत्ता किंवा 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा असला की कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच्याच नियमात असंही आहे की कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. हे वाचलं आणि आमचा रस्ता मोकळा झाला. म्हणजे बाटल्या परत नेणं, फवारणी करणाऱ्याला शिकवणं, कमी विषारी माल आणणं हे सीएसआरच्या पैशातून मागायचंच नाही, ते धंद्याच्या मूळ खर्चातूनच झालं पाहिजे, कारण तो त्यांच्या मालाचाच भाग आहे. वह्यांचा खर्च नफ्यातून निघतो आणि नफा कमी झाला की बंद होतो, बाटलीचा खर्च मालाच्या किमतीतच बसला की माल विकतोय तोवर चालू राहतो.

दुसरं सापडलं ते शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचं. शेअर बाजारातल्या वरच्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर नावाचा अहवाल द्यावाच लागतो, त्यात सरळ प्रश्न आहे की तुमचा माल वापरून झाल्यावर प्लास्टिक, पॅकिंग, घातक कचरा परत घ्यायची काय व्यवस्था आहे, आणि ग्राहकाला सुरक्षित वापर शिकवायला काय केलं. या कंपनीचा अहवाल त्यांच्या वेबसाइटवरच मिळाला. त्यात लिहिलेलं आमच्या तालुक्यात कुठंच दिसत नव्हतं. आम्ही ती पानं प्रिंट काढून, खालून रेघा मारून फाइलला लावली.

रिजनल मॅनेजरची वेळ मिळायला खूप फोन करावे लागले, ते सोडा. बैठक नागपूरला झाली. आम्ही मागितलेलं थोडक्यात असं, रिकाम्या बाटल्या परत न्या, फवारणीवाल्या मजुरांना सिझनच्या आधी शिकवा, लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या मालाऐवजी जिथं जमेल तिथं निळा-हिरवा माल द्या (लेबलवरचा त्रिकोण विष किती जहाल ते सांगतो, लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात कमी), आणि आमच्या केंद्राची स्कीम, म्हणजे विक्रीवर कंपनी देते ती सूट, लिटरवर ठेवू नका.

बाटल्यांवर ते म्हणाले भारतात हे जमत नाही. आम्ही ब्राझीलचं काढलं. तिथं 2000 साली कायदा झाला, शेतकऱ्यानं बाटली तीनदा खंगाळून परत आणायची, दुकानदारानं घ्यायची जागा बिलावर छापायची, कंपन्यांनी गाडी आणि पुढची विल्हेवाट बघायची, 2002 पासून कंपन्यांची एक सामायिक संस्था हे काम करते आणि औषधाला थेट लागलेल्या प्लास्टिक डब्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त परत येतात. आपल्याकडे माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्या तिथंही माल विकतात. तिथं जमतं तर इथं न जमण्याचं कारण एवढंच की इथं कोणी धरून बसलं नाही. आणि आपल्याकडे काहीच कायदा नाही असंही नाही, प्लास्टिकच्या नियमात 2022 पासून उत्पादकाच्या जबाबदारीची पक्की चौकट आहे, आणि 2016 च्या घातक कचरा नियमांच्या यादीत रसायनानं माखलेले रिकामे डबे येतात.

स्कीमवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ते म्हणाले, तुम्ही फवारण्या कमी करा म्हणता, मग आम्ही धंदा कसा करायचा? रास्तच प्रश्न आहे आणि त्याला उडवून लावून चालत नाही, कंपनीला नफा नको असं सांगणाऱ्याचं कंपनी ऐकत नसते. आम्ही सांगितलं की साहेब, तुमचा माल गरज नसताना मारला की कीड पचवायला शिकते, बीटीचं, म्हणजे बोंडअळीला मारणारा गुण बियाण्यातच घातलेल्या कपाशीचं उदाहरण समोर आहे, त्यातलं बोलगार्ड-2 बियाणं असूनही गुलाबी बोंडअळी बोंडात बसलेली असते. एक नवीन रेणू, म्हणजे औषधातला मूळ घटक, बाजारात आणायला दहा वर्षांहून जास्त लागतात, तो जपून वापरला तर तुमचाच जास्त वर्षं चालेल. आणि विषबाधा झाली की विक्रीच बंद होते ते नुकसान कोणत्या खात्यात धरता? शिवाय विकायला फक्त विषच आहे असं थोडंच आहे, मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे आहेत, पतंगांचं मिलन बिघडवणारी गंधरसायनाची दोरी आहे, तीसुद्धा रसायन कंपनीच बनवते, एकराला त्याचे पैसे मिळतातच की. त्यांनी मान हलवली, लिहून काही दिलं नाही.

लेखी यायला आणखी बरेच महिने गेले. मधे मॅनेजर बदलले, नवीन साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, फाइल होती म्हणून निभावलं. शेवटी आमच्या केंद्रापुरतं पायलट म्हणून मंजूर झालं. स्कीमची क्रेडिट नोट, म्हणजे आमच्या खात्यात जमा होणारी सूट, आता पेट्यांवर नाही तर सापळे लावलेल्या एकरांवर, परत आलेल्या बाटल्यांवर आणि शिकलेल्या मजुरांवर. आणि आमच्या भागापुरतं त्या टेरिटरी मॅनेजरच्या टार्गेटमध्येही ह्याच गोष्टी घातल्या. मला विचाराल तर करारातली हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण त्या दिवसापासून तो पोरगा स्वतः फोन करून विचारतो सापळ्यात किती पतंग आले म्हणून. सापळ्यात रोज 8 पतंग असे सलग 3 रात्री आले किंवा 10 टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली तरच बोंडअळीची फवारणी, हा नियम नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेपासून कृषी विभागापर्यंत सगळेच सांगतात, फक्त विकणाऱ्याचं पोट त्याच्याशी जोडलेलं नव्हतं.

आता मजुरांबद्दल, आणि हे मी मुद्दाम लांब लिहितो. कंपनीच्या कागदात 'ग्राहक' म्हणजे शेतकरी, कारण बिल त्याच्या नावानं फाटतं. पण पंप पाठीवर घेणारा बहुतेक वेळा भूमिहीन माणूस असतो, रोज वेगळ्या वावरात, सिझनमध्ये सलग महिनाभर फवारणारा. लेबल त्याच्या हातात येतच नाही, औषध बकेटात आधीच कालवलेलं मिळतं. आमच्या गावचा एक फवारणीवाला पहिल्या प्रशिक्षणात म्हणाला, "दादा, वावर त्याईचं, औषध त्याईचं, मी त फक्त पंप घेतो पाठीवर, मले कोन सांगनार कोनता त्रिकोन हाय?" तिथं बसलेल्या कंपनीच्या डेव्हलपमेंट ऑफिसरनं पहिल्यांदाच वहीत 'मजूर' असा वेगळा रकाना पाडला. ज्याच्या अंगावर तुमचा माल पडतो तो तुमच्या धंद्याच्या हिशोबातच नाही, हे कोणत्याही रसायन कंपनीनं आधी दुरुस्त करायला पाहिजे, बाकी झाडं लावणं वगैरे नंतर.

किटचंही तेच. कंपनीनं आधी प्लास्टिकचा पांढरा सूट पाठवला, ऑगस्टच्या उकाड्यात कपाशीत तो कोण घालणार, माणूस चक्कर येऊनच पडेल. मजुरांशीच बोलून ठरलं की पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट-पँट, त्यावर पुढून एप्रन, नायट्राइलचे हातमोजे, गॉगल, बूट, आणि रुमालाऐवजी औषधाच्या वाफेला चालणारा मास्क. ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत, वेगळे धुवायचे, हे आम्ही बायांच्या बैठकीत वेगळं सांगितलं कारण धुणं त्यांच्याच हातात असतं. मालातही थोडा बदल झाला. ईसी म्हणजे तेलकट विद्रावकातलं औषध, ते कातडीतून लवकर शिरतं, त्याऐवजी पाण्यातलं एससी किंवा दाणेदार डब्ल्यूजी मिळतं तिथं आम्ही तेच ठेवतो. थोडं महाग पडतं, त्यावरून सभासदांची बोलणी खातो, तरी ठेवतो.

बाटल्यांसाठी गोडाऊनला जाळीचा पिंजरा केलाय. तीनदा खंगाळून, ते पाणी पंपातच ओतून, बुडाला भोक पाडून आणलेली बाटली घेतो आणि पुढच्या बिलात सूट देतो. कंपनीच्या खर्चानं गाडी येते, स्वच्छ प्लास्टिक अधिकृत रिसायकलरकडे आणि न खंगाळलेलं बुटीबोरीच्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडे जातं. सुरुवातीला कंपनी फक्त स्वतःच्याच बाटल्या मोजायला तयार होती, पण नाल्यातली बाटली कुठल्या ब्रँडची हे बघून गाय पाणी पीत नाही, शेवटी सगळ्याच घ्यायला लावल्या, क्रेडिट मात्र त्यांच्याच बाटल्यांवर मिळतं.

जे झालं नाही तेही सांगतो. सिझनच्या आधी आणि मधे मजुरांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे काही औषधांच्या विषानं कमी होणारं एक द्रव्य, तपासावं ही आमची मागणी कंपनीनं मान्य केली नाही, त्यांच्या कायदा विभागाला भीती वाटते की रिपोर्ट वाईट आला तर अंगावर येईल. मला हे अजिबात पटत नाही, ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे मोनोक्रोटोफॉसच्या गटातली औषधं विकणाऱ्यानंच ही तपासणी करायला हवी, लक्षणं दिसायच्या आधी माणूस फवारणीतून बाजूला काढता येतो. आणि तालुक्यात बायो म्हणजे जैविक औषधाच्या नावाखाली रसायन मिसळून विकणारे आहेत, त्यांना आमचा करार काही करू शकत नाही.

करार दरवर्षी एप्रिलमध्ये नवीन होतो, यंदा रक्ततपासणीची अट परत घातलीये आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्रही जोडलंय. मसुदा मराठीत आहे, कोणत्याही शेतकरी कंपनीला किंवा बचत गटाला तो द्यायला आमची तयारी आहे. बोलणी उन्हाळ्यातच करा, मे महिन्यात कंपनीच्या स्कीमचा कागद एकदा बाहेर पडला की मग त्या वर्षी खालच्या कोणाच्याच हातात काही राहत नाही.