आमची वाटचाल: टिंबांपासून टक्क्यांपर्यंत

मोठ्या शहरात अल्पकालीन भाड्याची घरं कुठे एकवटली आहेत, हे नकाशावर काढून देणं हा आमच्या छोट्या कंपनीचा धंदा. सुरुवातीला आम्ही एअरबीएनबीसारख्या घरं भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळांवरच्या प्रत्येक जाहिरातीमागे एक लाल टिंब द्यायचो. शहराचा मध्यभाग लालभडक दिसायचा आणि बघणाऱ्याला पटायचंही. पण घरं जिथे जास्त तिथे जाहिरातीही जास्त, यापलीकडे तो नकाशा काही सांगत नव्हता.

मग आम्ही भागाकार सुरू केला. पॅरिसचंच बघा. नुसत्या संख्येत मोंमार्त्रचा १८वा विभाग वर दिसतो, पण तिथली वस्ती जवळपास दोन लाख. विभागातल्या एकूण घरांनी भागलं की तो खाली सरकतो आणि जुन्या मध्यभागातले छोटे विभाग वर चढतात. २०२० पासून एकत्र असलेल्या पहिल्या चार विभागांची मिळून वस्ती १८व्याच्या साधारण निम्मी आहे. त्यामुळे आता ‘किती जाहिराती’ हा आकडा आम्ही एकटा देतच नाही, शेजारी ‘दर शंभर घरांमागे किती’ हा असतोच.

भागायच्या आधी चाळणी लावावी लागते. आम्ही नकाशाचे सारख्या आकाराचे षटकोनी तुकडे पाडतो. समजा अशा एका षटकोनात ४० जाहिराती आहेत. एकच घर दोन संकेतस्थळांवर टाकलेलं असतं, तशा ५ गेल्या. वर्षभरात एकही अभिप्राय नाही अशा ८ बाजूला काढल्या. ‘किमान ३० रात्री’ म्हणणाऱ्या ६ वगळल्या. मालक त्याच घरात राहतो आणि एक खोली देतो, अशा ७ नकाशाच्या वेगळ्या थरात गेल्या. उरल्या १४. त्या षटकोनात ३५० घरं असतील तर प्रमाण ४ टक्के. चाळणीशिवाय हेच ११ टक्क्यांवर गेलं असतं, आणि त्यावरून कुणी भांडायला उठलं असतं.

३० रात्रींची चाळणी न्यूयॉर्कमुळे सक्तीची झाली. तिथे सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी नोंदणीची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि असंख्य जाहिरातींनी किमान मुक्काम ३० वर नेला. टिंबं जागच्या जागी राहिली, धंदा मात्र बदलला. माहितीच्या तक्त्यातला ‘किमान मुक्काम’ हा स्तंभ न वाचता काढलेला नकाशा आजही जुनंच चित्र दाखवतो.

सगळ्यात जास्त डोकेदुखी जागेची. एअरबीएनबी नेमका पत्ता दाखवत नाही. नकाशावरची खूण खऱ्या जागेपासून १५० मीटरपर्यंत सरकवलेली असते. शिवाय प्रत्येक जाहिरात स्वतंत्रपणे सरकते, म्हणजे एकाच इमारतीतली दहा घरं दहा गल्ल्यांत विखुरलेली दिसतात. काही खुणा तर नदीत किंवा बागेत पडतात. त्यामुळे ‘या इमारतीत इतकी घरं’ असं आम्ही नुसत्या खुणांवरून कधीच लिहून देत नाही. आमचे षटकोन एच-थ्री जाळीतले आहेत; ही जाळी जगाचा नकाशा षटकोनांत वाटते आणि पातळी वाढली की षटकोन लहान होतात. तिचे नवव्या पातळीचे षटकोन साधारण ०.१ चौरस किलोमीटरचे, या सरकण्यापुढे लहानच पडतात. आठव्या पातळीचे सुमारे ०.७४ चौरस किलोमीटरचे. आकड्यांसाठी तेच वापरतो. बारीक चित्र हवंच असेल तर नववी पातळी घेऊन शेजारच्या षटकोनांसह सरासरी काढतो. पालिकेच्या प्रभागांवर रंग भरायचं टाळतो, कारण पुंजका नेमका दोन प्रभागांच्या सीमेवर असला की दोन्हीकडे फिकट दिसतो.

पुंजके का होतात? स्टेशन आणि प्रेक्षणीय स्थळं चालत गाठता येतात, एक-दोन खोल्यांची घरं भरपूर असतात, भाडेकरू वारंवार बदलतात. दुसऱ्या प्रकारचे पुंजके मोठ्या रुग्णालयांजवळ आणि विद्यापीठांजवळ दिसतात. तिथले मुक्काम लांब, ते पर्यटनाच्या रंगात मिसळू नयेत. आणि नियम हे कारण तर बहुतेक जण विसरतात. बार्सिलोनात सिउतात वेल्या या जुन्या शहरभागावर आधीपासून निर्बंध असल्याने परवानाधारक पर्यटक घरं सर्वाधिक आहेत ती शेजारच्या एशाम्प्ले या भागात. पर्यटकांच्या निवासाबद्दलच्या शहराच्या २०१७ च्या आराखड्याने मध्यवर्ती पट्ट्यात नवे परवाने बंद केले. म्हणून नकाशाखाली आम्ही नियमांच्या सीमारेषा काढतोच. त्या नसतील तर एशाम्प्लेचं कोडं सुटत नाही.

व्याप्तीचा, म्हणजे वर्षातल्या किती रात्री घर भाड्याने गेलं याचा, अंदाज मात्र जपून द्यावा लागतो. दिनदर्शिकेत ‘उपलब्ध नाही’ असलेली रात्र विकली गेली, की मालकानेच अडवून ठेवली, हे बाहेरून कळत नाही. अभिप्रायांवरून काढायचं तर निम्मे पाहुणे अभिप्राय देतात, मुक्काम ३ रात्रींचा आणि व्याप्तीला ७० टक्क्यांची मर्यादा, असं प्रचलित गृहीतक आहे. वर्षात २० अभिप्राय म्हणजे ४० मुक्काम, १२० रात्री. लंडनमध्ये परवानगीशिवाय पूर्ण घर वर्षात ९० रात्रींपर्यंतच देता येतं, त्या मर्यादेशी हा आकडा ताडून पाहता येतो, पण आम्ही त्याला पुरावा म्हणत नाही, चौकशीची यादी म्हणतो. कमी पाहुणे अभिप्राय देत असतील तर खऱ्या रात्री याहून जास्तच असणार.

परवाना क्रमांकाचा स्तंभ उघडा असेल त्या शहरात काम हलकं होतं. एका घरासाठी दिलेला क्रमांक पाच वेगळ्या जाहिरातींवर दिसला की ओळ पिवळी करायची आणि पुढे पाठवायची. त्यासाठी खूण कुठे सरकली आहे याची चिंताही करावी लागत नाही.